गेटावरची पाटी

२ फेब्रुवारी, सोमवार. महानगर, लखनौ

नीला, तुझे गुडघे काय म्हणतात? दीप्तीच्या पायांची सूज उतरली का? सूनबाईला नववा लागलाय, जिने चढू देऊ नकोस. आपल्या पोराचा, सुगतचा खोकला थांबला? आणि ती लंगडी मांजर येते ना दुधाला? मी ठणठणीत आहे. दीप्तीने डायरी देताना बजावलंय, बाबा, आईंशी बोलता तसंच रोज लिहायचं आणि पानाचा फोटो पाठवायचा. तर हे पहिलं पान.

राजरत्न स्कूटर घेऊन स्टेशनवर आला होता. भाचा सरकारी साहेब झालाय, पण मामाची पिशवी उचलायला लाजला नाही. मी मराठीत विचारायचं, त्याने हिंदीत उत्तर द्यायचं. हे काम त्यानेच मिळवून दिलं. इथल्याच कपूरथला बाजारामागे एक जुनी दुमजली इमारत आहे, तिथे मुलींचं हॉस्टेल होणार. मला राहायला तळमजल्यावरची खोली, फायर अलार्मच्या पॅनेलशेजारची. चौकीदार यमुनाप्रसाद माझ्याच वयाचा. गोड माणूस, आणि चहा त्याच्याहून गोड.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रत्येक खोलीत भिंतीवर एक लाल डबा बसवायचा. धूर झाला की त्यातला स्पीकर बोलतो, ‘घबराइए नहीं, सीढ़ी से बाहर जाइए.’ आणि त्याच डब्यातला पांढरा दिवा लखलखायला लागतो. एका डब्यातून पुढच्या डब्यात केबल ओवत न्यायची, तू मोगरा ओवतेस तशी. हे मला कुणी शिकवलं नाही. उघडून, जोडून, चटके खाऊन आलं.

माझ्या खोलीतला बल्ब मात्र खोडकर आहे. जेवायला बसलो की दोनदा विझतो, दोनदा लागतो. होल्डर बदलला, बटण बदललं. पुन्हा तेच.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिल्यांदा आवाज सोडला आणि फजिती झाली. शेजारच्या मिश्राइन गॅसचा सिलिंडर कडेवर घेऊन रस्त्यावर! मला म्हणाल्या, भाईसाहब, आग से तो बच जाते, आपसे नहीं बचेंगे. पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. मग जाड अक्षरात पाटी लिहून गेटावर टांगली: ‘अलार्म की टेस्टिंग चालू है. आवाज़ या बत्ती से न घबराएँ.’ यमुनाप्रसादलाही निक्षून सांगितलं, कितीही वाजलं तरी वर यायचं नाही, मीच असेन. त्याने हसून मान डोलावली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर कुणीतरी पाय आपटत होतं. वर गेलो तर सगळ्या खोल्या रिकाम्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बल्बचं यमुनाप्रसादला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग बोलला. इथे आधीही मुलींचंच हॉस्टेल होतं, बहिऱ्या मुलींचं. एकमेकींना बोलवायचं तर बत्ती लावायच्या-विझवायच्या, नाहीतर फरशीवर पाय आपटायच्या. वॉर्डनबाई रोज त्यांच्या दाराला बाहेरून कडी घालायची. आग लागली तेव्हा घंटा लावलेली होती, नुसती घंटा. म्हणाला, बाबूजी, घंटी पूरे मोहल्ले ने सुनी. बस अंदरवालियों ने नहीं सुनी.

जेवण गेलं नाही. बल्ब दोनदा विझला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वरच्या मजल्यावर कडेला एक खोली आहे, कडी बाहेरून. नकाशात ती नाहीच. खिडकीला गज, वरून प्लायवूड ठोकलेलं. सामान ठेवायला वापरणार म्हणे, डबा नको.

नीला, मला राहवत नाही. केबल उरली आहे, एक डबा आणि धूर ओळखणारा डिटेक्टरही आहे. कुणी नाही असं म्हणून दिवा लावायचा नाही का? उद्या बसवतो आणि गाडीत बसतो. दीप्तीचं बाळ यायच्या आत घरी.

पाय आपटणं थांबलंय. जणू कळलं त्यांना.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपार

डबा आणि डिटेक्टर बसवला. शेवटचा स्क्रू पिळत होतो तेव्हा दार लागलं. वारा नव्हता. मग बाहेरची कडी. सावकाश.

मोबाइल खाली चार्जिंगला, डायरी तेवढी खिशात. हाका मारल्या. आज शिवरात्र, चौकातल्या मंडपाचे भोंगे चालू आहेत. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

—

डोकं चाललं. छताच्या डिटेक्टरला जळती काडी धरली. सगळी इमारत ओरडायला लागली. घबराइए नहीं. घबराइए नहीं. दिवे लखलखले.

प्लायच्या फटीतून गेट दिसतं. यमुनाप्रसादने वर पाहिलं. हात हलवला. परत खुर्चीत बसला.

—

राजरत्नची स्कूटर! हातात जेवणाचा डबा. त्याने वर पाहिलं. खिडकीतला लखलखाट दिसला त्याला, नक्की दिसला. मी प्लायवर मुठी आपटल्या. मग तो पाटी वाचायला लागला. माझी पाटी. माझंच अक्षर.

डबा यमुनाप्रसादकडे दिला. माझ्या दिशेने अंगठा वर केला. गेला.

—

दाराखालून धूर येतोय. खाली काही जळत नाही, यमुनाप्रसाद बिडी ओढत बसलाय. धूर मात्र येतोय. जुना वास आहे त्याला, जळलेल्या गादीचा —

दिवा लखलखतो तेव्हा खोलीत मी एकटा नसतो.

भिंतीला टेकून बसल्यात. पोरी आहेत गं, विशीच्या आतल्या. आधी दिव्याकडे बघत होत्या. आता माझ्या तोंडाकडे. बहिरी माणसं ओठ बघतात ना, तशा. मी सांगावं म्हणून थांबल्यात. काय सांगू? ‘बाहेर चला’ म्हणालो. सगळ्या उठल्या. दाराकडे नाही. माझ्याकडे —

फरशी हलतेय. पाय आपटताहेत. मला बोलवताहेत.

पान फाडून दाराखालून सरकवतो. नीला, दीप्तीला जिने चढू देऊ नको. आणि हे मिळालं की लगेच उत्तर लिही. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे ह्यांनाही वाचता ये—