पायाळू

पावणे,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय काशी,

तुझं कार्ड मिळालं. आबांनी जिवंतपणी बोलावलं नाही, मग वर्षश्राद्धाला कशाला येऊ, असं तू लिहिलंस. कार्ड डाळीच्या डब्याखाली ठेवलं. आज चार दिवसांनी लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे.

इकडे ठीक आहे. आबांचं मिठागर होतं तिथे कारखान्याचं कुंपण आलंय. शेजारची पुतळामावशी तुझी आठवण काढते. तुझ्यासारखा पाय पुन्हा गावात जन्मला नाही म्हणते. रविवारी सकाळी उसण भरलेली माणसं आपल्या ओट्यावर ओळीने पालथी पडायची आणि तू सात वर्षांची, परकर सावरत एकेकाच्या पाठीवर डावा पाय टेकवायचीस. वळून बघितलं तर गुण येत नाही, म्हणून मोठी माणसंही मान हलवायची नाहीत. आबांचा नंबर शेवटी. त्यांच्या खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध तुझी टाच कुठे टेकायची, ते बघून बघून मला पाठ झालं होतं. मग ते तसेच पालथे राहून हात बाजूला करायचे, तू खाली बसून त्याखाली डोकं द्यायचीस. तू पायाकडून जन्मलीस, मी सरळ, त्यामुळे मला तो हात कधी मिळाला नाही.

तू आबांना न सांगता मारोतीबरोबर परभणीला गेलीस, त्यानंतर आबांनी तुझं नाव घेतलं नाही, हे खरं. पण रविवारी सकाळी उंबऱ्यापाशी चटई टाकून पालथे पडायचे. विचारलं तर म्हणायचे, पाठीला ऊन घेतो. आम्ही नवराबायको इथे आबांजवळ राहायला आलो तेव्हा मी त्यांना वाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. मिठाच्या पाट्या वाहून छातीमागचे मणके झिजलेत म्हणाले, पट्टा दिला. आबांनी तो खुंटीला टांगला. गावातल्या चांगुणाबाईंची सून पायाळू आहे, तिला बोलावते म्हटलं तर जेवणाचं ताट सरकवलं.

गेल्या वर्षी, ते जाण्याआधीच्या रविवारी, त्यांना श्वास घेताना कळ येत होती. तरी चटई टाकली. मला बघवेना. मी जोडवी काढून ठेवली, आवाज न करता मागे गेले आणि डावा पाय त्यांच्या पाठीवर टेकवला. तुझ्याच जागेवर.

त्यांनी मान वळवली नाही. मग म्हणाले, "आयलीस? बरा केलास गो." आणि हात बाजूला केला.

मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. खाली बसून त्या हाताखाली डोकं दिलं. त्यांनी हात लवकर काढला नाही. मी मागच्या दाराने निघून गेले. दुपारी ते दोन भाकऱ्या जेवले, पट्टा कुणाला तरी देऊन टाक म्हणाले. तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. बुधवारी गेले.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. तुझं होतं ते मी घेतलं, आणि मला ते आवडलंही, म्हणून लाज वाटत होती. पण तुझं कार्ड वाचल्यावर गप्प राहणं बरोबर नाही. आबांनी तुला बोलावलं नाही काशी, कारण त्यांच्या लेखी तू येऊन गेली होतीस. आता खरंच ये. चटई मी अजून उंबऱ्यापाशीच ठेवली आहे.

तुझीच,
सगुणाताई