पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर

३ फेब्रुवारी, सोमवार
घरातला लॅपटॉप काल वारला. हिचं म्हणणं, लगेच दुसरा घेऊ. वीस तारखेला हिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. आईच्या आजारपणात नोकरी सोडली, त्याला आठ वर्षं झाली. आता पुन्हा बिल्डिंगचे नकाशे काढायचे, तर हात बसायला कॉम्प्युटर हवा. मी म्हटलं, लॅपटॉप म्हणजे उधळपट्टी. हल्ली पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर मिळतो. एकच बोर्ड, त्यावर सगळं. मेमरी कार्ड घाला, टीव्हीला जोडा, झालं. मूर्ती लहान, पण कीर्ती महान. ही काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आला. आईनं खोक्यात वाकून बघितलं आणि बाकीचा कुठाय विचारलं.

७ फेब्रुवारी
चालू झाला! चार्जर मुद्दाम विकत घेतला नाही, जुन्या मोबाइलचा लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखी एक पिवळी वीज चमकते. म्हणजे मशीन फुल पॉवरवर आहे. हिला कौतुकानं दाखवली. ही म्हणाली, बरं.

९ फेब्रुवारी, रविवार
नकाशाची फाइल उघडते, पण तब्येतीत. हिनं क्लिक केलं, भाजी चिरली, कपडे वाळत घातले, येऊन बसली, मग उघडली. वेळ किती सार्थकी लागतो बघ, असं मी म्हटलं. टीव्ही मॉनिटर झाल्यामुळे आईची मालिका बंद. आई खुर्ची भिंतीकडे फिरवून बसते. तिला टेक्नॉलॉजीचं वावडं आहे.

१२ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. इंटरव्ह्यू होईपर्यंत स्वतःचा लॅपटॉप ठेवून जातो म्हणाला. मी स्वच्छ नकार दिला. तेव्हा हिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं, पण मी बोर्डावर फुंकर घालत होतो. जरा तापतो. मेहुण्यानं पिवळ्या विजेबद्दल विचारलं. समजावून सांगितलं. तो हसला. हसतील त्याचे दात दिसतील.

१३ फेब्रुवारी
टेबल फॅन आता बोर्डाला. आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी मशीन उठलंच नाही. मेमरी कार्ड गेलं. त्यात हिचे आठवडाभराचे नकाशे. खोक्यातलं माहितीपत्रक आज पहिल्यांदा वाचलं. पिवळी वीज म्हणजे वीज पुरत नसल्याची खूण. असंच चालवत राहिलात तर कार्ड खराब होऊ शकतं. मशीन बिचारं पहिल्या दिवसापासून कोकलत होतं. हिला एवढंच सांगितलं, की कार्ड सदोष निघालं.
ही रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. जमिनीवर मोठा कागद पसरला आणि पहिला नकाशा पट्टी-पेन्सिलीनं काढायला बसली. मला फार वाईट वाटलं. पट्टी धरू का, विचारलं. नको म्हणाली.

१८ फेब्रुवारी
नवं कार्ड, नवा चार्जर. वीज दिसेनाशी झाली! फक्त चार्जरची पिन बोर्डात हलते. माझ्याच काढ-घालीनं भोक सैल झालं असावं. एका ठरावीक कोनात धरली की उत्तम. भावाला फोन करू का, असं हिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे की नाही? तिनं हातातला मोबाइल खाली ठेवला. आहे म्हणाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
इंटरव्ह्यू. मी टेबलाखाली आडवा होऊन पिन धरली. वरून हिचा नमस्कार ऐकू आला. मग टीव्हीतून कुणा साहेबांचा अर्धा प्रश्न. मग काहीच नाही. मी कोन बदलून पाहिला, आणखी घट्ट धरली. हाताला मुंग्या आल्या. येतंय, येतंय, असं खालून सांगत राहिलो. बऱ्याच वेळानं आईचे पाय दिसले. आई म्हणाली, ती केव्हाच मोबाइल घेऊन बाल्कनीत गेली, तू कुणासाठी धरून बसलायस?
बाहेर आलो. काचेतून ही दिसली. मोबाइल कठड्यावर टेकवून, जमिनीवर काढलेला तो नकाशा दोन्ही हातांनी उंच धरून भराभर बोलत होती. इतकं खुलून बोलताना आठ वर्षांत पाहिली नव्हती. जाताना मला हाक मारावी, असं तिच्या मनातही आलं नाही. काच पुसल्यासारखं करून परत फिरलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
नोकरी मिळाली! हातानं काढलेल्या नकाशावर साहेब खूश झाले म्हणे. आता तो हातानं का काढावा लागला, श्रेय कुणाचं, हे मी बोलणार नाही. घरून काम करायचीही मुभा आहे. मी लगेच टेबलाची जागा ठरवली. निश्चय: पिन डकवून पक्की करणे.

३ मार्च, सोमवार
हिचा कामाचा पहिला दिवस. सकाळीच निघाली. घरून काम नको, असं हिनंच त्यांना कळवलं होतं. एक बस, मग दुसरी बस, रोज. घरी एवढी सोय असताना कशाला, असं मी दारात विचारलं. चपला घालता घालता म्हणाली, तिथल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की तो चालू होतो.
मी आज रजा टाकली होती, तिचं टेबल मांडून द्यायला. पिन पक्की बसली. मशीन सकाळपासून एकदाही बंद पडलेलं नाही. आईला बघायला बोलावलं. तिनं टीव्ही मागितला. टीव्हीची वायर काढून दिली. आता मशीन नुसतंच चालू आहे. त्याचा बारीक हिरवा दिवा दिसतो.
हिला सांगायला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.