टिलरीला दहापैकी किती

९ ऑगस्ट, शनिवार

नऊ! ग्लेनने नवख्या टिलरीला दहापैकी नऊ दिले! अठरा वर्षांत माझ्या नवऱ्याने कुणालाही सातच्या वर चढू दिलं नव्हतं.

दरवर्षीसारखे आम्ही सगळे आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव बघायला गेलो होतो. आमच्या टोळक्यातल्या बडच्या ट्रकच्या मागच्या फळीवर खडूने नव्या खेळाडूंचे गुण लिहायचे, ग्लेनचा आकडा सगळ्यात शेवटी. कारण आमच्यात कॉलेजच्या संघातून खरोखर बॉल पोटाशी धरून पळलेला तो एकटाच.

बड ओरडला, "बोला प्रोफेसर, पोरगं कसंय?"

ग्लेन म्हणाला, "दोघं अंगावर आले तरी थांबत नाही. डोकं खाली घालतो नि घुसतो." वर म्हणाला, "पण त्याला पडता येत नाही."

"अहो, पडायला आणलाय का त्याला!" बड म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

परत येताना ग्लेनने मला तीनदा विचारलं, गाडी कुठे लावलीय. आम्ही गाडीतच होतो.

७ सप्टेंबर, रविवार

पहिला सामना. टिलरीने दोनदा बॉल शेवटच्या रेषेपार नेला, दोन टचडाऊन! ओरडून ओरडून घसा बसलाय.

११ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी आज ग्लेनबद्दल स्पष्टच सांगितलं. तरुणपणी खेळताना डोक्याला बसलेले मार. एखादा मोठा नाही, शेकडो. आता दिवसेंदिवस विसरणं वाढतच जाणार. "सामन्यांना नेत जा," म्हणाल्या, "ते त्यांच्या ओळखीचं आहे."

पार्किंगमध्ये गाडीतच रडले. ग्लेनने त्याचा रुमाल दिला आणि हळूच विचारलं, "लोरेन, कोण गेलं?"

५ ऑक्टोबर, रविवार

टिलरीला जबर धडक बसली. हेल्मेटवर हेल्मेट. पडला तो हललाच नाही. मग उठला आणि चालत सुटला तो थेट समोरच्या संघाच्या बाकाकडे! आपल्या संघातल्या एकाने दंड धरून त्याला वळवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "टिलरी! टिलरी!" मीसुद्धा. थोड्याच वेळात पठ्ठ्या परत मैदानात.

तेवढ्यात ग्लेन ताडकन उभा राहिला. "बाहेर काढा त्याला! अरे, बाहेर काढा!" पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. बड म्हणाला, "प्रोफेसर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" मी जॅकेट ओढून त्याला खाली बसवला.

मला त्याची लाज वाटली. इथे खोटं कशाला लिहू.

८ ऑक्टोबर

आज ग्लेनला आमच्या लेकीचं नाव आठवेना. टिलरी कुठल्या बाजूला पडला ते मात्र आठवतंय. डाव्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

टिलरी आज उतरलाच नाही. संघाच्या डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं होतं. त्यानेच सांगितलं म्हणे, माझं डोकं ठिकाणावर नाही, मी खेळणार नाही.

पार्किंगमध्ये मी शेगडीवर सॉसेज भाजत होते आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. "काचेचं भांडं निघालं!" बड म्हणाला. सामने चालू झाल्यावर गुण बदलायचे नाहीत हा आमचा नियम. आज तोही मोडला. बडने फळी पुसली. कुणी तीन दिले, कुणी दोन. माझ्याकडे खडू आला. मी चार लिहिले. सगळे बघत होते.

ग्लेनने खडू घेतला आणि सावकाश दहा लिहिले. शून्य पुरतं जुळलंच नाही. बडला हसायचं होतं, पण हसला नाही.

"त्याच्या घरात शहाणं माणूस असणार," ग्लेन म्हणाला. "कुणीतरी त्याला सांगितलंय, नको जाऊस."

मी सॉसेज उलटत राहिले. ती कधीच करपली होती.

२० ऑक्टोबर

लिहूनच टाकते. कॉलेजचा शेवटचा सामना, मध्यंतर. ग्लेन हेल्मेट हातात घेऊन कठड्याशी माझ्यापाशी आला होता. म्हणाला, "लोरेन, मला दोन-दोन बॉल दिसतायत. आज बस करू का?" वर प्रेक्षकांत व्यावसायिक संघाची माणसं त्याला निवडायला येऊन बसली होती.

मी म्हणाले, "वेडा आहेस का? जा."