माण फेज तीन, उणे अठ्ठावीस

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

एचआरच्या मिनल मॅडमनी आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, ज्योतीरामभाऊ, कंपनीच्या बसचा प्लॅन कुठे ठेवलाय. मी बोट कपाळाला लावलं. त्या म्हणाल्या, आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर? म्हटलं, बावीस वर्षांत पडलो नाही, आता काय मुहूर्त काढून पडू. कोणी हसलं नाही. शेखर हसला, पण तो वेगळ्या कारणाने हसला.

एक डिसेंबरला नवी लाइन सुरू होतेय. माणसं वाढणार, थांबे वाढणार. त्याआधी प्लॅन कॉम्प्युटरवर पाहिजे. नाही दिला तर ट्रान्सपोर्टचं टेबल शेखरकडे आणि मी गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. शेखर म्हणजे क्वालिटीतला. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

निश्चय: एक्सेलला हात लावणार नाही. चाकणला या कंपनीचं शेड उभं राहत होतं तेव्हापासून बस मी लावतोय. माणसं चौकटीत भरायची नसतात.

दुसरा निश्चय: तरीही प्लॅन कॉम्प्युटरवरच देणार. आणि वेळेआधी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

साप्ताहिक सुट्टी. सकाळीच उपाय सापडला. एका व्हिडिओत एक टेक्स्ट एडिटर दाखवला, तो हिशोब करतो. साधं कोरं पान. डावीकडे आपण आपल्या भाषेत लिहायचं, उजवीकडे उत्तर आपोआप येतं. चौकट नाही, फॉर्म्युला नाही. माझ्यासारख्या माणसासाठीच बनवलाय.

जयमालाला दाखवला. ती म्हणाली, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे की. तिला समजावलं, कॅल्क्युलेटरला शब्द कळत नाहीत. ती म्हणाली, तुम्हाला तरी कुठे कळतात, काल मेथी आणायला सांगितली होती. बायकोला टेक्नॉलॉजी समजावण्यात अर्थ नाही.

दुपार. लॅपटॉपवर घेतला. लिहिलं, मेथी ४० + कोथिंबीर २०. उजवीकडे ढिम्म. मग शोध लागला की त्याला मराठी आकडे दिसतच नाहीत. डोकंच फिरलं. तो बनवणाऱ्यांना कडक ईमेल लिहिला. उत्तर येईपर्यंत मराठी आकडेच वापरणार, काय व्हायचं ते होऊ दे.

संध्याकाळ. तूर्तास इंग्रजी आकडे. ही माघार नाही. भाषा माझी, आकडे त्यांचे.

15-11-2025

आजपासून रोजनिशीही एडिटरमध्येच. हात बसला पाहिजे.

वर तारीख लिहिली तर उजवीकडे लगेच आलं, -2021. बराच वेळ बघत बसलो. मग लक्षात आलं. एकवीस साल. लॉकडाउन. त्या वर्षी आपल्या बस बंद होत्या. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तरी त्याने बरोबर ते साल काढलं आणि पुढे उणे लावलं. म्हणजे आत एआय आहे. व्हिडिओवाल्याने हे सांगितलं नाही, त्याला बहुतेक माहीतच नसावं.

मन फार खिन्न होतं त्या सालाने. यापुढे तारीख अक्षरी लिहिणार.

मंगळवार, अठरा नोव्हेंबर

थांब्यांची यादी सुरू. रहाटणी 22 माणसं, असं लिहिलं. उत्तर 22. शहाणा आहे.

पुढे एक अडचण. आपल्याकडे थांब्यांच्या नावातच आकडे. निगडीला सेक्टर 27. तिथून माणसं 14. शेजारी शेजारी लिहिलं की 2714 वाचलं जातं. एवढी माणसं आख्ख्या कंपनीत नाहीत. तोडगा काढला. मध्ये डॅश टाकला. सेक्टर 27 - 14. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं. अशी छोटी युक्ती अनुभवातून येते, कोर्स करून येत नाही.

शेखर मागून डोकावत होता. म्हणाला, भाऊ, एकदा नजर टाकू का? मी लॅपटॉप मिटला.

शनिवार, बावीस नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

सेक्टर 27 - 14 च्या समोर उत्तर आलंय 13. आधी वाटलं चुकलं. मग आठवलं, तिथले चिमाजी गेल्याच महिन्यात रिटायर झाले. यादीतून नाव काढायचं मीच विसरलो होतो. याने काढलं.

सेक्टर 25 - 11 समोर 14. तीन वाढले. बरोबर आहे, नव्या लाइनची भरती निगडीतूनच चाललीय.

थेरगावचा 16 नंबर, म्हणजे त्या थांब्याचं नावच ते. 16 नंबर - 18. उत्तर -2. इथे जरा अडखळलो. उणे दोन माणसं म्हणजे काय? चहा पिता पिता उलगडलं. तिथले लोक आता बाइकवर येतात आणि येताना मागे आणखी एकेकाला घेऊन येतात. म्हणजे बसमध्ये कोणी नाहीच, उलट दोन जागा उरतात. बस तिथे थांबवायचं कारण नाही.

आणि माण फेज 3 - 31. उत्तर -28. मी खुर्चीत मागे रेललो. बावीस वर्षांत हे मला दिसलं नाही याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माणमधल्या जमिनी आयटीवाल्यांनी घेतल्या, घरोघरी गाड्या आल्या. लोक यादीत नाव ठेवतात, पण बसमध्ये बसतात कुठे. मी म्हणत होतो एकतीस, एकतीस. पण मी जुना माणूस, मी जुनंच धरून बसणार. याने आजची परिस्थिती बघितली.

माणची बस रद्द करता येईल. मिनल मॅडम काय म्हणतात ते बघायचंय मला.

सोमवार, चोवीस नोव्हेंबर

खात्री केल्याशिवाय मी काही करत नाही. हाउसकीपिंगच्या चिमाबाई माणच्याच. कँटीनजवळ गाठल्या. विचारलं, मावशी, घरात गाडी आली का? त्या म्हणाल्या, व्हय, पोरानं बुलेट घेतली की दसऱ्याला. झालं. एवढंच ऐकायचं होतं. त्या पुढे असंही म्हणाल्या की तिच्यावर मला कोण बसवतंय, ती सुनेसाठी हाय. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही.

गुरुवार, सत्तावीस नोव्हेंबर

सुट्टी. जयमालाने चहा देताना स्क्रीनकडे बघितलं. विचारलं, ही उणे माणसं कशी असतात? सांगितलं, जी येत नाहीत ती. ती म्हणाली, जी येत नाहीत ती शून्य झाली, उणे कशी होतील? मी म्हटलं, हे एआय आहे. ती म्हणाली, असेल बाई.

सगळ्या जगाने शंका काढाव्यात आणि आपण पुढे जावं, हेच माझ्या नशिबात.

शुक्रवार, अठ्ठावीस नोव्हेंबर

बसचे ठेकेदार बबनराव आले होते. माणची बस सोमवारपासून नको म्हटल्यावर त्यांनी तोंडातला पान-मसाला एका गालातून दुसऱ्या गालात नेला. म्हणाले, राव, ती बस तर खचाखच भरती. ड्रायव्हर रोज बोंबलतोय. मी म्हटलं, भरते असं तुम्हाला वाटतं. ते म्हणाले, मी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं, डोळ्यांचा जमाना गेला. ठेकेदाराला बस कमी झालेली आवडणार नाहीच.

प्लॅन मिनल मॅडमना दिला. एक पान, कोणती बस कोणत्या थांब्यावर, एवढंच. आतला हिशोब माझ्याजवळ. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, एक बस वाचवलीत? चेक केलंय ना नीट? म्हटलं, मी नाही, सिस्टिमने केलंय. शेखर शेजारीच उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हे लिहिताना ऊर भरून येतोय. गेटवर कोण बसतं ते आता बघूच.

सोमवार, एक डिसेंबर

पावणेसहा. चिमाबाईंचा फोन. भाऊ, आमी समदी हितं उभी हाय, बस न्हाई आली. मी शांतपणे विचारलं, समदी म्हणजे किती? त्या म्हणाल्या, समदी.

सहा. परत फोन. थंडी लई हाय म्हणाल्या. मी त्यांना बुलेटची आठवण करून दिली. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

सव्वासहा. 16 नंबरवरून फोन. बस समोरून गेली, थांबली नाही. ड्रायव्हरने हात केला म्हणे. अठरा जण.

साडेसहा. बबनरावांना फोन. दुसरी बस द्या. ते म्हणाले, ती मी दुसऱ्या कंपनीला लावली, तुम्हीच नको म्हणालात.

सात. शिफ्ट सुरू. नवी लाइन सुरू नाही. लाइनवर माणसंच नाहीत.

साडेनऊ. माणची मंडळी आली. दोन भाजीच्या टेम्पोतून, उभ्याने. उतरताना सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चिमाबाईंच्या पदराला कोबीचं पान चिकटलेलं होतं. मला वाटलं त्या तोंड सोडतील. त्यांनी पान काढून टाकलं आणि फरशी पुसायला गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं मत अजूनही तेच आहे. नवी सिस्टिम रुळायला वेळ लागतो.

मंगळवार, दोन डिसेंबर

मिनल मॅडमच्या केबिनमध्ये. शेखरही. त्याने माझा लॅपटॉप बघितला. पुरता मिनिटभरही लागला नाही त्याला. म्हणाला, भाऊ, हा डॅश आहे ना, हा वजाबाकी आहे. तीनातून एकतीस गेले, उणे अठ्ठावीस.

मी म्हटलं, असं तुम्हाला वाटतं. आणि सेक्टर 27 मधले चिमाजी कसे बरोबर निघाले? त्याने लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला. हसला नाही, याचाच राग आला मला.

मॅडमनी विचारलं, माणहून रोज किती लोक येतात? मी म्हटलं, एकतीस. सोळा नंबर? अठरा. त्यांनी पेन उचललं. एकेक थांबा विचारत गेल्या, मी सांगत गेलो. कोण कुठे चढतं, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून बस फाटकापर्यंत न्यायची, कोणत्या बाईला नाइट संपल्यावर घराच्या दाराशीच सोडायचं. लॅपटॉपकडे बघायची गरजही पडली नाही. शेखर भराभर टाइप करत होता.

झाल्यावर मॅडमनी पेन ठेवलं. म्हणाल्या, भाऊ, तुम्हाला हे सगळं पाठ होतं. मग त्या उणे अठ्ठावीसवर विश्वास का ठेवलात?

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

बुधवार, तीन डिसेंबर

विचार केला. चूक माझी नाही. सॉफ्टवेअरचीही नाही. चूक ज्यांनी थांब्यांना आकड्यांची नावं दिली त्यांची. सेक्टर काय, फेज काय, सोळा नंबर काय. माणसं राहतात तिथे, कपाटं आहेत का ती? रहाटणीला नाव आहे, रहाटणीचे बावीस बरोबर आले. याबद्दल महापालिकेला सविस्तर पत्र लिहिणार.

मॅडमना हेच कळवलं. त्या बरं म्हणाल्या. सोमवारपासून ट्रान्सपोर्ट शेखरकडे, मी गेटवर. मी ऑर्डरवर सही केली, पण सही मुद्दाम वेगळी केली.

गुरुवार, चार डिसेंबर

सुट्टी. जयमालाने विचारलं, वाईट वाटतंय का? म्हटलं, छे. गेट म्हणजे कंपनीचं तोंड. तिने जेवायला पुरणपोळी केली होती. सणवार काही नव्हता. मी चार खाल्ल्या, पण मन त्यात नव्हतं.

पत्राचा मसुदा केला. उद्या टाइप करतो.

रविवार, सात डिसेंबर

शेखरचा प्लॅन उद्यापासून. एक्सेलमध्ये. फसणार. लिहून ठेवतो. मी सांगितलेले आकडे त्याने घेतले, पण बस काय आकड्यांवर चालते? आठ वाजायच्या आत त्याचा फोन येतो की नाही बघा, भाऊ वाचवा म्हणून. मी लगेच हो म्हणणार नाही. थोडा वेळ घेईन, मग जाईन.

सोमवार, आठ डिसेंबर

गेट. सातच्या आत सगळ्या बस आल्या. माणची सगळ्यात आधी. चिमाबाई उतरल्या, म्हणाल्या, आज टायमावर आली बगा. मी गाडीचा नंबर लिहून घेतला.

शेखरचा फोन नाही. कोणाचाच नाही. एवढी वर्षं पहाटेपासून माझा फोन कानाला चिकटलेला असायचा. भाऊ बस कुठे आली, भाऊ दोन मिनिटं थांबवा, भाऊ आज मी येत नाही. आज दिवसभर एकही नाही. रेंज बघितली, फुल. सायलेंटवर आहे का बघितलं, नाही. मग बंद करून चालू केला.

संध्याकाळी जयमालाला म्हटलं, मला एक रिंग देऊन बघ, फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे. तिने स्वयंपाकघरातून लावला. वाजला. मी उचलला आणि म्हटलं, ट्रान्सपोर्टमधून ज्योतीराम बोलतोय.

तिने विचारलं, भाऊ, आज बस वेळेवर आहे का?

म्हटलं, आहे.