काल्पीहून प्रयागास, सावकाश

शिंदे की छावनी, लष्कर (ग्वाल्हेर)
१ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
लक्ष्मीकांतचा सा. न. वि. वि.

आज आपला मध्यभारत संपला. रेडिओवर भाषणं झाली, पाटणकर बाजारात पताका लागल्या आणि राजधानी भोपाळला गेली. आठ वर्षांपूर्वी संस्थान गेलं तेव्हा मला दोन पायऱ्या खाली बसवलं. तेही सोसून नोकरी केली आणि दोन वर्षांमागे राजीनामा देऊन घरी आलो, हे तू जाणतेसच. आता कचेरीची कपाटंसुद्धा ट्रकांत घालून नेताहेत. नेऊ देत. माझं काही जात नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

पण माझं जाणार आहे ते ऐक. तुझ्या भावजयीला, अनसूयेला, हुकूम आला आहे. इतकी वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, आता तिला भोपाळला मुलींच्या शाळांची इन्स्पेक्टर केलं आहे. वीस तारखेच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मी जाणार. मी आवाज चढवला, तिने चढवला नाही, आणि तेच वाईट. भांडणारी बायको परवडते, ठरवून बसलेली परवडत नाही.

म्हणून एक युक्ती केली आहे. प्रयागला वेणीदान करायचं हे लग्नापासून तिच्या मनात आहे. आपल्या आईने केलं, तू केलंस, तिचंच राहिलं. मी म्हटलं, चल, यंदा कार्तिकी पौर्णिमेला करू. पण आगगाडीने धावतपळत नको. काल्पीहून नावेने यमुनेतून सावकाश जाऊ, वाटेत देवस्थानं बघू, आपले पूर्वज काल्पीला चाकरीत होते ते गावही बघू. ती चटकन हो म्हणाली. तिला सांगितलं आहे की नाव आठ-नऊ दिवसांत पोचते. काल्पीच्या मल्लाहाने, म्हणजे नावाड्याने, कळवलं आहे, पंधरा धरा, आणि रेत लागली तर त्याहून जास्त. वीस तारीख नदीतच मावळेल. हे तिला कळू देऊ नकोस.

भाऊबीजेला येणं होत नाही. रागावलीस तरी माया आटवू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
लक्ष्मीकांत

---

लष्कर
पाडवा, ३ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. वन्संना,
अनसूयेचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही परवा काल्पीला निघतो. दशम्या आणि बेसनाचे लाडू झाले, चिवडा व्हायचा आहे. ह्यांनी तुम्हाला लिहिलं असेलच, आणि मला सांगू नका असंही लिहिलं असेल. तुम्ही सांगूही नका. काल्पीच्या एका आडत्याचा माणूस मुरारला धान्याच्या कामाने येतो. प्रयागला नाव आठ दिवसांत पोचेल का, असं मी त्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. तेव्हा ह्यांचा बेत मला पहिल्याच दिवशी कळला.

कळूनही हो का म्हटलं, असं तुम्ही विचाराल. वन्सं, दोन वर्षं हे रोज दहाला कोट घालून खिडकीशी बसतात. बोलायला जावं तर वर्तमानपत्र उघडतात, जास्त बोललं तर फिरायला निघून जातात. लेक कुमुदिनी लग्न होऊन सासरी गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारी फक्त दूधवाली आहे. नावेतून हे उठून कुठे जाणार?

भोपाळला मी जाणार, त्यात फरक नाही. आजवर जे इन्स्पेक्टर आले ते पुरी-श्रीखंड खाऊन सही करून गेले. वर्गात पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. ते काम मला चांगलं येईल, हे मला ठाऊक आहे. पण पळून गेल्यासारखं जायचं नाही. ह्यांच्या तोंडून हो ऐकायचं आहे. वेणीदानात उपाध्ये बायकोला नवऱ्याची अनुज्ञा मागायला लावतात ना? मी एक नाही, दोन मागणार. संगमावर, चारचौघांत, कसं नाही म्हणतात ते बघते. आणि नाव रेंगाळली तर मल्लाहाच्या हातातलं वल्हं घेऊन मी स्वतः मारीन.

माझा हा हट्ट पोटात घालावा आणि आशीर्वाद तेवढा वर असू द्यावा.

आपली,
अनसूया

---

उज्जैन
६ नोव्हेंबर १९५६

चि. लक्ष्मीकांत यास,
वनमालेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र हमीरपूरच्या पोस्टात तुझी वाट बघत बसेल. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. निदान तो वेळेवर उगवतो. तुम्ही दोघं मला काय काय सांगता आणि कुणाला सांगू नका म्हणता, माझं पोट फुगून गेलं आहे. मी कुणाचंच कुणाला सांगणार नाही. तुम्ही आणि तुमची यमुना.

एक विचारते. वेणीदान म्हणजे बायकोने डोकं पुढे करायचं आणि भटजींनी कात्री चालवायची, असंच समजतोस ना? अरे, नवऱ्याने बायकोला जवळ बसवून, तिचे केस विंचरून, स्वतःच्या हाताने वेणी घालायची असते. त्या वेणीचं टोक संगमात सोडायचं. ह्यांनी माझी घातली ती सोडवता सोडवता माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हे बाजूला उभे राहून हसत होते. तू जन्मात कधी फणी हातात धरली आहेस का? प्रयागच्या घाटावर दक्षिणेतली निम्मी माणसं बघायला असतात. आपल्या दप्तरदार घराण्याची अब्रू सांभाळ.

तिकडचे लोक डाकूंच्या गोष्टी सांगतात, तेव्हा रात्री नाव गावाजवळच बांधा. हे तुला आठवण सांगतात. मी तुझ्यावर चिडले तरी तुझीच.

अक्का

---

हमीरपूर
१० नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
लक्ष्मीकांतचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. 'तुम्ही दोघं' म्हणजे काय? ती काय लिहिते आहे तुला? मी विचारलं तर म्हणाली, चिवड्याची कृती.

काल्पी पाहिली. लहानपणी वडिलांनी इतकं सांगितलं होतं, की वाटायचं तिथे कुणीही आपलं घर दाखवील. ज्याला त्याला विचारलं. शेवटी एका म्हाताऱ्या पंड्याने, कोणी दक्षिणी पंडित होते खरे, म्हणून टेकाडाकडे हात केला. तिथे बोरीची झुडपं होती, भिंत म्हणून नव्हती. फार वाईट वाटलं, अक्का. अनसूयेने बोरं वेचून पदरात घेतली आणि नावेत मला निवडून दिली. व्यासांचं देऊळ पाहिलं, घाटावर दिवे सोडले.

नाव बरी आहे. वर चटयांचं छप्पर, खाली गवताच्या गाद्या. मुख्य मल्लाह रामदीन गातो फार आणि वल्ही कमी मारतो, ते माझ्या पथ्यावरच आहे. इथे बेतवा येऊन मिळते, तिथे आज स्नान केलं.

आता तुझ्या वेणीचं. रामदीनला म्हटलं, तीन पेडांचं काही येतं का. त्याने नावेचा दोर उलगडून दिला. सकाळभर गिरवला. दुपारी अनसूयेने पाहिलं आणि इतकी हसली की पलीकडच्या नावेतले लोक वळून बघायला लागले. मग म्हणाली, दोरावर काय शिकता, आणि पाठ करून बसली. दोर सोपा, केस निसटतात. तिच्या केसांत एवढं पांढरं कधी झालं, मला माहीत नव्हतं. रोज दुपारी सराव करायचा असं ठरलं आहे.

भाऊजींना नमस्कार. हसू नये, आणि हसूनही ममता तशीच ठेवावी.

तुझा,
लक्ष्मीकांत

---

राजापूरच्या अलीकडे, नावेतून
१६ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. वन्संना,
अनसूयेचा शि. सा. न. वि. वि.

कालपासून नाव रेतीत रुतली आहे. राजापूरचा मारुती समोर दिसतो, कळसावरचा झेंडासुद्धा दिसतो, पण नाव हलत नाही. रामदीन म्हणतो, दोन दिवस तरी गेले. म्हणजे पौर्णिमा चुकली, आणि प्रयागहून भोपाळला वीस तारखेला पोचणंही गेलं.

वन्सं, तुम्हाला खरं सांगते, मला राग आला नाही. रोज दुपारी हे मागे बसून वेणी घालतात. मला ह्यांचं तोंड दिसत नाही, ह्यांना माझं. आणि अशा बसण्यात हे बोलतात! संस्थान गेल्यावर कालच्या पोरांनी कसं वागवलं ते सांगितलं. चिल्ला गावापाशी केन नदी यमुनेला मिळते, तिथे नाव उभी होती, तेव्हा मागून विचारलं, मी घरी बसल्याची तुला लाज वाटते का. मी मान हलवली नाही, पेड सुटला असता. तोंडाने सांगितलं, लाज कधीच वाटली नाही, एकटं मात्र फार वाटलं. मग बराच वेळ वेणी पुढे सरकली नाही.

मी भांडायला आले होते, दोन अनुज्ञा मागणार होते. आता वाटतं, भोपाळ राहू दे. हे माणूस मला परत मिळालं आहे, ते घेऊन प्रयागला जाते, वेणीदान करते आणि लष्करला परतते. आज सकाळी ह्यांना तसं सांगितलं. ह्यांनी चहा तसाच टाकून दिला.

तुमचा सल्ला येईपर्यंत फार उशीर होईल, तरी लिहिल्याने हलकं वाटलं. मला आपली म्हणत राहावं.

अनसूया

---

प्रयाग
२२ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
लक्ष्मीकांतचा सा. न. वि. वि.

अनसूया भोपाळला हजर झाली. तिची तार इथे पोस्टात आली आहे.

झालं ते असं. ती म्हणाली, भोपाळ राहू द्या. हेच ऐकायला मी घरून निघालो होतो आणि ऐकलं तर हातातला चहा तसाच टाकून दिला. नाव अडावी म्हणून मी नवस करायचाच काय तो बाकी ठेवला होता, आणि नाव अडली. दुपारी उठलो, धोतर खोचलं, मल्लाहांबरोबर पाण्यात उतरलो आणि नावेला खांदा लावला. रामदीन ओरडला, बाबूजी, ही तुमच्याने हटणार नाही. नाही हटली. मग तसाच ओल्या धोतराने राजापुरात चालत गेलो आणि कर्वी स्टेशनपर्यंत एक्का ठरवला, म्हणजे तिला तिथून गाडीने वीसच्या आत भोपाळ गाठता येईल.

ती चढेना. म्हणाली, संगम इतक्या जवळ आला आहे, वेणीदान सोडून मी जाणार नाही. या वेळी मी आवाज चढवला नाही. म्हटलं, संगम आहे तिथेच राहील, आपण पुढल्या वर्षी येऊ. कचेरी थांबणार नाही. तू जा, मी जा म्हणतो आहे. दोनदा म्हणायला लावलं तिने. मग माझी पंधरा दिवसांची युक्तीही सांगून टाकली. ती म्हणाली, ती मला लष्करलाच कळली होती. मग आलीस कशाला, असं विचारलं, तर म्हणाली, तुम्ही बरोबर होतात म्हणून.

एक्क्यात तिचे केस सुटले होते. कर्वीच्या फलाटावर सामानाच्या ट्रंकेवर बसवून मी तिची वेणी घातली. लोक बघत होते, बघू देत. तीन पेड सारखे आले. गाडी आली, ती चढली आणि म्हणाली, चला. मी म्हटलं, माझं घर लष्करला आहे. गाडी सुटली आणि मी एक्क्यात बसून नावेवर परत आलो.

नाव निघाली, पण मजा गेली. कौशांबीचे ढिगारे, पभोसाची टेकडी, सगळं रामदीनने दाखवलं, मी हं म्हणत राहिलो. काल संगमावर उपाध्यांनी विचारलं, यजमानीणबाई कुठे? मी म्हटलं, सरकारी कामावर. ते म्हणाले, मग तुम्ही एकटे इथे काय करता?

आज रात्री गाडीत बसतो. तू मला मूर्ख म्हण, पण आपला म्हण.

लक्ष्मीकांत

---

उज्जैन
३० नोव्हेंबर १९५६

चि. सौ. अनसूयेस,
वनमालेचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू हजर झालीस हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. पण आता काळजीत आहे. लक्ष्मीकांतचं प्रयागहून पत्र आलं, त्यानंतर काही नाही. लष्करला तुमच्या शेजारच्या महिपतरावांना ह्यांनी विचारलं. ते लिहितात, घराला कुलूप आहे, कोणी आलेलं नाही. त्याच्या पत्राचा सूर मला बरा वाटला नाही. तुला काही कळलं असेल तर लगेच दोन ओळी टाक. तुझ्या घराचा पत्ता ठाऊक नाही म्हणून कचेरीवर लिहिते आहे.

जिवाला जप. माझा जीव तुम्हा दोघांत अडकला आहे.

तुझी,
वन्सं

---

भोपाळ
४ डिसेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
लक्ष्मीकांतचा सा. न. वि. वि.

अनसूयेच्या नावाचं तुझं पत्र कचेरीच्या शिपायाने घरी आणून दिलं. ती सीहोरकडच्या शाळांच्या दौऱ्यावर आहे, म्हणून मीच उघडलं. काळजी नसावी, मी इथे आहे.

प्रयागहून तिकीट ग्वाल्हेरचंच काढलं होतं. माणिकपूरला गाडी बदलायची होती. एका फलाटावर झाशीची गाडी, म्हणजे ग्वाल्हेरची वाट, दुसऱ्यावर इटारसीची, म्हणजे भोपाळची. झाशीच्या गाडीत वळकटी ठेवली, जागाही मिळाली. बसल्या बसल्या वाटलं, कुलूप उघडीन, दहाला कोट घालीन आणि खिडकीशी बसून वाट बघीन, पण कुणाची? शिट्टी झाली तसा वळकटी घेऊन उतरलो. कचेरीत पत्ता विचारून इथे पोचलो तेव्हा ती दारातच होती. तिने वळकटीचं एक टोक धरलं.

लिहायला उशीर झाला, कारण घर लावायचं होतं. दोनच खोल्या आहेत, तलाव जवळ आहे, भाजी लष्करपेक्षा महाग. ती दौऱ्यावर असली की मी डाळ-भात करतो. डाळ अजून जमत नाही. ती घरी आली की शाळांची हकीकत सांगते, मुलींना बसायला धड जागा नाही म्हणून चिडते आणि मग रात्रभर अहवाल लिहिते. मी तिला मसुदा नीट करून देतो. तेवढं मला येतं.

एक सांगायचं राहिलं. माझ्या नावाने पत्र घालू नकोस, ते परत येईल. इथे मला नावाने कोणी ओळखत नाही. गल्लीत मी 'इन्स्पेक्टरनीजींचे पती'. पहिल्या दिवशी कानाला टोचलं. आता कुणी तसं म्हटलं की मी ओ देतो. तेव्हा पाकिटावर 'सौ. अनसूयाबाई दप्तरदार, मुलींच्या शाळांच्या इन्स्पेक्टर, यांचे घरी' असं घाल, म्हणजे मला मिळेल.

भाऊजींना नमस्कार. आम्हा दोघांवरचा लोभ असाच असू दे.

तुझा,
लक्ष्मीकांत