दाढीचं पाणी

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपार
(गावाचं नाव वर लिहीत नाही. खाली येईल.)

उज्वलाताईस धाकट्या सोमनाथचा नमस्कार. दाजी बरे असतील, आरोहीची शाळा चालू असेल.

लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून टाळतोय. वही आणली, पेन हरवलं. पेन आणलं, तर वहीवर एकनाथकाकांनी चहाचा कप ठेवला. फोन करायला जावं, तर तू ‘हॅलो’ म्हणालीस की माझ्या तोंडून ‘जेवलीस का’ एवढंच निघतं. तू जेवलेली असतेस. मग ठेवतो.

तुला वाटतंय मी अजून कारवारकडं आहे. तिथून नोव्हेंबरात निघालो. आता सलूनमध्ये कामाला आहे, हसू नको. एकनाथकाकांचं दुकान, दोन खुर्च्या. कारखान्यांतली पोरं पाळी सुटली की येतात. पहिल्या दिवशी काकांनी विचारलं, “आदी कुटं काम केलंय?” म्हटलं, आबांबरोबर मेंढरं कातरलीत. म्हणाले, “मग हात बसलाय म्हन की. फकस्त हितलं गिऱ्हाईक पाय बांधून घेत न्हाई, येवडं ध्यानात ठेव.” अजून कुणी दाढीला बसलं की ते ओरडतात, “सोमा, मेंढरू आलंय.”

तर पाणी. दुकानात बोअरचं पाणी आहे. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी. ब्रश कितीही फिरवा, फेस वर येतो आणि गालावर जाईपर्यंत बसतो. मी साबण वाढवला, पाणी वाढवलं, ब्रश बदलला. कारवारचं पाणी मऊ होतं, तिथं एकदा आंघोळीला साबण निघता निघेना, तासभर... ते राहू दे.

मग मला शहाणपण सुचलं. पावसाळ्यात आई गढूळ हंड्यात तुरटी फिरवायची आणि गाळ खाली बसायचा, आठवतंय? म्हटलं बोअरच्या पाण्यालाही तेच औषध. दुकानात तुरटी असतेच. बादलीत चांगली दहा वेढे फिरवली. त्या पाण्यात ब्रश बुडवला तर साबणाचं फाटलेल्या दुधासारखं झालं. लवळ्याचा एक कॉलेजवाला खुर्चीत होता, त्याच्या गालावर नुसत्या गुठळ्या. काका म्हणाले, “आरं, तुरटी दाढी झाल्यावर लावत्यात. ह्यो आदीच चोळतोय.” पोरगा भला होता, तसाच बसला.

पाणी उकळून, थंड करून वरचं वर घेतलं तर थोडं बरं पडतं. पण आबांचा फेस तसला नव्हता. मेंढरांच्या वाड्यावर झऱ्याच्या पाण्यात ते करायचे तो. मेंढीच्या पाठीसारखा जाड. उरलेला माझ्या गालाला, मग तुझ्याही, आणि कंगव्याच्या पाठीनं दोघांची दाढी. आई म्हणायची, पोरीला सासरी काय सांगू. आबा मला म्हणायचे, “पानी कमी घे. फेस साबनाचा आसतो.”

आता सांगतो. मी उरवड्यात आहे. तुझ्या रिह्यापासून मोटारसायकलवर वीस मिनिटं. तुझ्याकडून सकाळी दूध नेतात ते शेखरभाऊ इथूनच जातात. ते तुझ्या घरामागच्या झऱ्यावर रोज पाच लिटरचा कॅन भरतात ना, तो माझा. त्यांना शपथ घातली होती, नाव सांगायचं नाही. तीन महिने तुझ्या दारातलं पाणी वापरतोय, आबाही तुझ्याकडंच राहतात, तरी तुझ्या दारात आलो नाही.

का आलो नाही ते फोनवर सांगता आलं नसतं. आई गेली तेव्हा मी तुला म्हणालो, रेंज नव्हती, तेराव्यानंतर कळलं. ते खोटं. तुझा मेसेज सहाव्या दिवशी मिळाला. दहाव्याला पोचता आलं असतं. कारवारच्या स्टँडवर जाऊन बसलोही. तीन गाड्या डोळ्यांसमोर सुटल्या, उठलो नाही. येऊन बघावं लागलं असतं की आई खरंच नाही. न बघता मला अजून थोडे दिवस ती असल्यासारखी ठेवायची होती.

तोवर नदीवर माझ्या जागी आबा बसले. डोकं, मिशी, सगळं त्यांनी उतरवलं. पोटचा मुलगा असताना. ते मला दाजींनी सांगितलं, तू कधी बोलली नाहीस.

दिवाळीत तू म्हणालीस, आबा त्या दिवसापासून दाढीला कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतःचा हात थरथरतो, आणि दाजींनी वस्तरा काढला तर तोंड फिरवतात. त्यानंतर मी फेसाच्या नादाला लागलो, ताई. गिऱ्हाइकांचं तर फोमच्या डब्यावरही भागतं.

काल शेखरभाऊ सांगत होते, आबा झऱ्यापाशी येऊन बसले. विचारलं, “ह्ये पानी कुनाच्या च्याला जातंय?” भाऊ म्हणाले, च्याला न्हाई, दाढीला. आबांनी कॅनचं झाकण लावून दिलं. मग एवढंच, “फेस नीट येतोय का म्हनावं.”

म्हणून आज लिहायला बसलो. आईचं वर्षश्राद्ध पुढच्या बुधवारी. त्याआधी आबांची दाढी मला करू दे. तू विचार त्यांना. मी स्टँडवर बसलो होतो तेही सांग, लपवू नको. हो म्हणाले तर कॅन भरून पाठव. नाही म्हणाले तर रिकामा पाठव, मी समजेन, परत विचारणार नाही.

दाजी अजून त्या उसाच्या

थांब. बाहेर शेखरभाऊंची गाडी लागली. ते दुपारी कधी येत नाहीत.

ताई, मागच्या सीटवरून आबा उतरलेत. कॅन त्यांच्याच मांडीवर होता, भरलेला. काका पुढं झाले तर त्यांना दिला नाही, स्वतः आत आणला. खुर्चीत बसलेत. पटका काढून गुडघ्यावर ठेवलाय. दाढी पार छातीवर आलीय, तू सांगितलंस त्याहून पांढरी. माझ्याकडं बघितलं नाही, ब्रशकडं बघितलं आणि म्हणाले, “पानी कमी घे.”

पाणी तापतंय, तेवढ्यात एवढं लिहिलं. संध्याकाळी त्यांना घेऊन मीच येतो, हे पत्रही हातानंच देईन. माझ्यापुरती भाकरी टाक.

तुझा, वीस मिनिटांवरचा,
सोमा