संक्रांतीपर्यंत माझं नाव

रत्नागिरी,
२८ डिसेंबर २०२५

कमलावन्सं,

नमस्कार. त्याच्याआधी 'सप्रेम' जोडलेलं नाही. नऊ वर्षांनंतर माझ्याकडून एकदम सप्रेम आलं असतं तर तुम्हालाच शंका आली असती. तुम्ही आणि अलोऱ्याची मंडळी खुशाल असाल असं धरून चालते. इकडे थंडी नावालाच आहे. पावसच्या आंब्याच्या कलमांनी मोहोर काढायच्या ऐवजी लालबुंद पालवी काढली आहे, आणि बागेतला बाबल्या रोज फोन करून मलाच विचारतो, "आता काय करायचं?" जसं काही पालवी मी काढली.

तुमच्या दादाबद्दल. बाबा पडले होते, आता बरे आहेत, असं उन्मेषनं तुम्हाला सांगितलं. माझा मुलगा खोटं बोलला नाही, अर्धं बोलला, आणि तेवढंच सांग असं मीच म्हटलं होतं. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता धरून अंगणापर्यंत चालतात. उजवा हात कपापर्यंत पोचतो. वाचा मात्र गेली. समजतं सगळं, म्हणूनच मी फोन केला नाही. शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत असतात. शिवाय फोनवर आपण दोघी पहिल्या मिनिटाला भांडलो असतो.

भाऊबिजेला तुम्ही वाट पाहिली असेल. दरवर्षी नेमकं त्याच दिवशी ह्यांना चिपळूणला 'पेन्शनचं काम' निघायचं. दिवाळीत कुठलं ऑफिस उघडं असतं हे न कळण्याइतकी मी बावळट आहे, असं तुम्हा भावाबहिणीला वाटत असेल तर वाटो. करंज्यांचा डबा मीच भरून देत होते. स्वच्छ धुऊन परत यायचा.

तर, वाचा शिकवायला ज्ञानेश्वरी नावाची मुलगी घरी येते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "काकू, नव्या वर्षाची उद्दिष्टं लिहून काढू या. पण लवचिक ठेवायची हं."

"लवचिक म्हणजे?"

"जमलं नाही तर बदलायची."

"मग त्याला उद्दिष्ट कशाला म्हणतेस? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पाढा आला नाही तर सिस्टर पाढा बदलत नसत. आम्हाला बाकावर उभं करत."

"मग काकांना करू या का बाकावर उभं?"

आगाऊ आहे. पण ह्यांना ती आवडते.

मी लिहिलं. संक्रांतीपर्यंत माझं नाव. शिमग्यापर्यंत चहा, पाणी, नको, दुखतंय. आंबा उतरेपर्यंत बाबल्याशी फोनवर दोन-चार वाक्यं. गणपतीत आरती. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून देण्यात गेली. काम क्रमानं कसं करतात हे मला कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं सहज आरतीचा सूर धरला आणि तुमच्या दादानं मांडीवर ठेका धरून अख्खी आरती म्हटली. एक अक्षर चुकलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. मग तिनं पेला पुढं करून विचारलं, "काका, हे काय?" तोंड उघडं, शब्द नाही. म्हणे गाणं डोक्यात वेगळ्या जागी असतं. शिवीही एक अगदी शुद्ध येते, कोणती ते लिहीत नाही. भाद्रपदातलं उद्दिष्ट पौषातच पार पडलं आणि संक्रांतीचं जिथल्या तिथं.

जिथल्या तिथं असंही नाही. एवढं लिहिलंच आहे तर तेही लिहिते. ह्यांना एक नाव येतं.

"कमे."

पाणी हवं, कमे. उशी सरकली, कमे. उन्मेषचा फोटो दाखवला, कमे. माझा लग्नातला फोटो दाखवला. निरखून पाहिला, छान हसले आणि म्हणाले, कमे. ज्या बाईनं भर गणपतीत, पावसच्या घरात, पाहुण्यांसमोर म्हटलं की कॉन्व्हेंटवाल्या वहिनीच्या हातचा नैवेद्य देवाला भाषांतर करून दाखवावा लागतो, तिचं नाव! मी त्यावर जे बोलले ते ऐकून तुम्ही विसर्जनाचीही वाट न पाहता पिशवी उचललीत. मी ते मागं घेत नाही. तुम्हीही तुमचं घेऊ नका.

ज्ञानेश्वरी समजावते, "काकू, मनाला लावून घेऊ नका. जो शब्द सापडतो तोच सगळ्याला लावतात. त्यांना तुम्हीच म्हणायचं असतं." असेल. पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर ह्या माणसाच्या गळ्यात तुम्ही अडकून बसलात आणि मी नाही, हे मनाला लावायचं नाही तर कुठं लावायचं?

परवा तिनं विचारलं, "ह्या कमे कोण?"

"माझी नणंद."

"मग बोलवा ना त्यांना! जो शब्द येतो तिथूनच पुढं जायचं असतं. माणूस समोर असलं की कधीकधी शब्द जागेवर बसतो, मग दुसऱ्याला वाट होते. पहिले महिने फार मोलाचे असतात, काकू."

त्यातले बरेच गेले, हे तिनं सांगितलं नाही. मला कळतं.

तरी मी लगेच पत्र लिहायला बसले नाही, कारण मला भीती वाटते. तुम्ही आलात, आणि तुमच्याकडे बघून झाल्यावरही हे पेल्याला कमेच म्हणाले, तर? आज निदान एक उपाय करून बघायचा शिल्लक आहे. तो संपला की पुढच्या वर्षाच्या कागदावर मी काय लिहू? हे उन्मेषलाही सांगितलेलं नाही. दुसरी भीती वाचून तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही आलात आणि हे तुमच्याशी घडाघडा बोलायला लागले, तर? ती मी सोसेन.

उद्दिष्टांचा पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर एवढंच आहे, की तुम्ही या. त्याखाली काही लिहिलेलं नाही. संक्रांतही नाही. माझं नावही नाही.

उत्तर लिहीत बसू नका. चिपळूणहून मिळेल ती एसटी धरा. कळवायचंच असेल तर उन्मेषला कळवा. मागची खोली झाडून ठेवली आहे. आत आल्यावर माझ्याशी बोलायची गरज नाही, आधी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहा.

ह्या घरात सध्या तुमच्या नावाला ओ देणारी,
मनस्विनी वहिनी